गाणी बदलण्याचा खरा खर्च : मुंबईतल्या तोट्यातल्या एफएमसाठी

तोट्यातलं एफएम स्टेशन सावरायला बसलं की बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो गाण्यांचा. नवी हिंदी लावायची, जुनी लावायची, की मराठीकडे वळायचं? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी एक आकडा टेबलावर हवा. गाणी कोणतीही लावा, जो खर्च तसूभर हलत नाही, तो आकडा.

मुंबईत तो मोठा आहे. 2015 च्या लिलावात मुंबईच्या फ्रिक्वेन्सीची बोली 122 कोटी 81 लाखांपर्यंत गेली. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात वार्षिक परवाना शुल्काचा नियम असा : एकूण उत्पन्नाचे 4 टक्के किंवा लिलावाच्या बोलीतून ठरलेल्या प्रवेश शुल्काचे अडीच टक्के, यात जे जास्त असेल ते. 122.81 कोटींचे अडीच टक्के म्हणजे सुमारे 3 कोटी 7 लाख. चार टक्क्यांची बाजू वरचढ व्हायला उत्पन्न जवळजवळ 77 कोटींच्या पुढे जावं लागतं, आणि अडचणीतलं स्टेशन तिथवर पोचत नाही. थोडक्यात, उत्पन्न पडलं म्हणून शुल्क पडत नाही. तुमच्या परवान्यात प्रवेश शुल्क किती धरलंय ते काढा आणि त्याचे अडीच टक्के वेगळे लिहून ठेवा. सामायिक मनोरा, प्रक्षेपण यंत्रणा आणि विजेचं बिल त्याच रकान्यात घाला. पहिल्या टप्प्यात तर शुल्क ठरलेलं होतं आणि दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढत होतं. मुंबईतलं विन 94.6 हे स्टेशन त्याच काळात बंद पडलं. 2005 च्या धोरणाने उत्पन्नाशी निगडित शुल्क आणलं, तरी किमान रकमेची अट राहिलीच.

आता गाण्यांचा पैसा. बहुतेक स्टेशनांची चूक इथे होते.

2010 साली कॉपीराइट बोर्डाने ध्वनिमुद्रणांच्या रॉयल्टीचा दर निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के ठरवला होता. उत्पन्न घटलं की रॉयल्टीही घटायची. ती व्यवस्था सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि त्या वर्षाच्या अखेरच्या आदेशाने हिशेब पुन्हा ‘नीडल अवर’वर आला. नीडल अवर म्हणजे प्रत्यक्ष वाजलेल्या ध्वनिमुद्रित संगीताचा एक तास. जाहिराती, आरजेचं बोलणं आणि प्रोमो त्यात धरत नाहीत. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये स्पष्ट केलं की गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वेगळी द्यावी लागेल. म्हणजे एका गाण्यामागे देणी दोन. आज नेमका कोणता दर लागू आहे, हे कॉपीराइटच्या वकिलाकडून लेखी घ्या. दराच्या आदेशांना मुदत असते आणि कज्जेही चालू असतात.

नीडल अवरचा थेट परिणाम फॉरमॅटवर होतो. पैसे वाचवायचे म्हणून आरजे कमी करून ‘नॉनस्टॉप गाणी’ सुरू करण्याचा मोह होतो. हिशेब करून पाहा. तासाला 38 मिनिटं गाणी वाजत असतील तर दिवसाचे 15.2 नीडल अवर होतात. तीच 50 मिनिटं केली तर 20. दिवसाला 4.8 वाढले, वर्षाला 1752. त्याला तुमच्या दराने गुणा आणि काढून टाकलेल्या आरजेच्या पगाराशेजारी ठेवा. पगार वाचला असं वाटत असताना तो दुसऱ्या दाराने निघून गेलेला असतो. वर स्टेशनला ओळख देणारा आवाजही गेला.

या बाबतीत न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम 101.1 चं उदाहरण रेडिओवाल्यांनी पाठ करावं इतकं महत्त्वाचं आहे. 1972 पासून जुनी गाणी लावणाऱ्या या स्टेशनने 3 जून 2005 रोजी सगळं मोडून निवेदकांशिवायचा ‘जॅक’ फॉरमॅट आणला. जुना श्रोता दुखावला, नवा पुरेसा आला नाही आणि 12 जुलै 2007 रोजी स्टेशन पुन्हा जुन्या गाण्यांकडे वळलं. दोन वर्षं गेली. फॉरमॅट बदलण्याचा सर्वात मोठा खर्च हाच असतो आणि अंदाजपत्रकात तो सहसा लिहिलेलाच नसतो. समजा, तुमचं महिन्याचं उत्पन्न 1 कोटी आहे. बदलानंतर सहा महिने 30 टक्के गळती धरली तरी 1 कोटी 80 लाख गेले. होर्डिंग, जिंगल, नवे आरजे हा खर्च त्यावर वेगळा. एवढी गंगाजळी नसेल तर बदलाची तारीख जाहीर करू नका.

पर्याय कोणते? बातम्या आणि ताज्या घडामोडींचं स्टेशन काढता येत नाही. खासगी एफएमला फक्त आकाशवाणीच्या बातम्या, त्याही जशाच्या तशा लावायला परवानगी आहे. नवी हिंदी गाणी मिर्ची 98.3, रेड 93.5, रेडिओ सिटी 91.1 आणि फिव्हर 104 हे सगळेच वाजवतात. तिथे पाचवं-सहावं होण्यात अर्थ नाही, कारण जाहिरात एजन्सी पहिल्या दोन-तीन नावांनंतर भाव पाडून मागते. जुन्या हिंदीत 2016 पासून रेडिओ नशा 91.9 आहे, मॅजिक 106.4 सुद्धा आलं. जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा फार मोठा साठा एकट्या सारेगामाकडे, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीकडे, आहे. वैधानिक दराऐवजी कंपनीशी वेगळा करार करायचा झाला तर घासाघीस करायला वाव कमी. इंग्रजीचा श्रोता पैसेवाला पण थोडा. ‘गो 92.5’चं पुढे रेडिओ वन 94.3 झालं, हिंदीकडे गेलं आणि परत इंग्रजीकडे आलं, यावरून काय ते समजा.

राहिली मराठी, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 44 लाख होते, हिंदी सांगणारे सुमारे 36 लाख. ‘मराठी माणूस हिंदी गाणी ऐकतोच, मग मराठी कशाला’ हा युक्तिवाद दर बैठकीत होतो. पण तो हिंदी ऐकतो ती सहा ठिकाणी ऐकतो, त्यातल्या तुमच्या वाट्याला किती येतो ते बघा. मराठीचा जाहिरातदारही वेगळा आहे आणि बाकीच्या स्टेशनांचे सेल्सवाले त्याच्या दारात फारसे जात नाहीत : सहकारी बँका, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला जाहिरात करणारे सराफ, बदलापूर-विरारकडचे बिल्डर, शिवाजी मंदिर आणि गडकरी रंगायतनला प्रयोग लावणारे नाट्यनिर्माते. हे लोक छोटी रक्कम देतात, पण एकदा जमलं की वर्षानुवर्षं देतात. गाणीही एकाच कंपनीच्या हातात नाहीत. सारेगामाबरोबर फाउंटन, सागरिका, एव्हरेस्ट, व्हिडिओ पॅलेस यांच्याशी स्वतंत्र बोलता येतं.

मात्र मराठी म्हणजे फक्त भावगीतं आणि लावणी असं धरलंत तर चाळिशीच्या आतला श्रोता येणार नाही. म्हणून आधी चाचणी घ्या. तुमच्या लक्ष्यगटातले लोक एका सभागृहात बसवा, प्रत्येक गाण्याचा ओळखीचा 8-10 सेकंदांचा तुकडा ऐकवा आणि आवडतं, कंटाळा आला, माहीत नाही असे गुण लिहून घ्या. ‘माहीत नाही’ची संख्या जिथे मोठी तिथे गाणं कितीही चांगलं असलं तरी सकाळच्या कार्यक्रमात ठेवू नका. हॉल, चहा-नाश्ता, मानधन आणि संशोधन संस्थेची फी एवढाच खर्च. तो होर्डिंगच्या एका महिन्याच्या भाड्याशी ताडून बघा. मग पहिले तीन महिने फक्त सकाळचा कार्यक्रम आणि रविवार मराठी करा, बाकी दिवस आहे तसा चालू द्या. या तीन महिन्यांत किती नवे जाहिरातदार आले एवढंच मोजा.

आणि परवान्याची तारीख बघा. 1 एप्रिल 2015 पासून तिसऱ्या टप्प्यात आलेल्या स्टेशनांचे 15 वर्षांचे परवाने मार्च 2030 मध्ये संपतात. गळती भरून निघायला जितके महिने लागतील ते त्या तारखेतून वजा करा आणि उरलेल्या महिन्यांत पैसे वसूल होत असतील तरच फॉरमॅट बदला.