बी.ओ.पी., सिमेंट आणि बागजान

'पर्यावरण' हा आपल्याकडे आदल्या रात्री झेरॉक्स वाचून सुटणारा पेपर समजला जातो. तेल आणि वायूच्या विहिरींवर मात्र हा पेपर रोज द्यावा लागतो. साइटच्या कुंपणालगत लावलेली झाडं, हिरव्या रंगाच्या पाट्या हे सगळं ठीक आहे, पण विहिरीवर पर्यावरण राखलं जातं ते मुख्यतः जमिनीखाली, असं माझं मत आहे. कसं, ते सांगतो.

तीन हजार मीटर खोलीवरच्या खडकात वायू प्रचंड दाबाखाली असतो. ड्रिलिंग करताना त्याला आवरतो तो 'मड'. नावावरून चिखल वाटतो, पण पाणी, बेंटोनाइट माती, बराइटची पूड आणि रसायनं मोजूनमापून केलेला तो द्रव असतो. हिशेब अकरावीच्या फिजिक्सचाच : घनता गुणिले जी गुणिले खोली. 3000 मीटर उंचीचा साध्या पाण्याचा स्तंभ तळाशी सुमारे 294 बार दाब देतो. समजा वायूचा दाब 330 बार आहे, तर पाणी हरलं. बराइट घालून घनता पाण्याच्या 1.2 पट केली की तोच स्तंभ 353 बार देतो आणि वायू जागच्या जागी राहतो. मग आणखी जड का करू नये? कारण फार जड मडनं खडकालाच तडा जातो, मड त्यात निघून जातो, स्तंभ खाली उतरतो आणि वायूला पुन्हा वाट मिळते.

मड हा पहिला अडसर. दुसरा अडसर म्हणजे स्टीलचं केसिंग, त्याच्यामागं भरलेलं सिमेंट आणि विहिरीच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे बी.ओ.पी. (वरचं केसिंग गोड्या पाण्याच्या थरांखालपर्यंत नेऊन सिमेंट करतात, ते गावाच्या बोअरवेलच्या काळजीनं.) वायूच्या वाटेवर कोणत्याही क्षणी दोन तपासलेले अडसर हवेत, हा या धंद्यातला मूळ नियम.

तो मोडला की काय होतं ते आसाममधल्या तिनसुकिया जिल्ह्यात बागजानला दिसलं. ऑइल इंडियाची 'बागजान-5' ही साधारण 3870 मीटरवरून वायू देणारी विहीर. जवळच दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, तितकंच जवळ मागुरी-मोटापुंग बील (आसामात पाणथळ तळ्याला बील म्हणतात) आणि भोवती चहाचे मळे, भातशेती, वस्ती. विहिरीची दुरुस्ती चालू होती. बी.ओ.पी. काढण्यापूर्वी आत सिमेंटचा प्लग टाकला होता. 27 मे 2020 रोजी बी.ओ.पी. काढला गेला आणि वायू उसळला. प्लग घट्ट व्हायला पुरेसा वेळ दिला नव्हता आणि दुसरा तपासलेला अडसरही नव्हता, असं पुढं चौकशीत आलं.

स्लॅबचं सेंट्रिंग लवकर काढलं तर काय होतं हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. विहिरीतलं सिमेंट तर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून त्याचा नमुना प्रयोगशाळेत, तळाशी असेल त्याच तापमानाला आणि दाबाला ठेवून, किती तासांत किती ताकद येते ते बघतात. साधारण 500 पी.एस.आय. आल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा प्रघात आहे. अडचण अशी की हे तास सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतात. रिगचं भाडं दिवसावर असतं, आणि या तासांत काम होताना काहीच दिसत नाही!

बागजानला वायूबरोबर येणारं हलकं तेल, म्हणजे कन्डेन्सेट, शेतांवर, चहाच्या झुडपांवर, बीलच्या पाण्यावर पडत राहिलं. मासे मेले. नदीतल्या डॉल्फिनचं कलेवर सापडलं. 9 जूनला आग लागली, त्यात कंपनीच्या अग्निशमन दलातले दोन जवान गेले, घरं जळाली. हजारो माणसं मदत छावण्यांत, तीही कोरोनाच्या दिवसांत. सिंगापूरचे तज्ज्ञ आले, विहिरीत दाबाविरुद्ध पाइप घालणारं स्नबिंग युनिट कॅनडाहून विमानानं आणावं लागलं. विहीर पूर्ण मारली गेली 15 नोव्हेंबरला, म्हणजे 172 दिवसांनी. वाचवायचे होते काही तास.

एवढा मोठा अपघात रोज होत नाही. रोजचा प्रश्न असतो वर आलेल्या खडकाच्या चुऱ्याचा आणि वापरलेल्या मडचा. 2005 च्या केंद्रीय नियमांनुसार चुरा धुऊन घ्यायचा, निकामी मड पाणी न झिरपणारं अस्तर घातलेल्या खड्ड्यात टाकायचा, खड्ड्याला झिरपा गोळा करायची सोय ठेवायची. डिझेलवर बनवलेल्या मडला बंदी आहे. बराइटमधला पारा किती चालेल याचीसुद्धा मर्यादा आहे.

ट्रेनिंगला मी ज्या विहिरीवर होतो (कंपनीचं नाव नको), तिथं या खड्ड्याचं प्लास्टिक एका कोपऱ्यात चांगलं हातभर फाटलं होतं. पावसाळा आठवड्यावर आलेला. विचारलं तर एक साहेब म्हणाले, "अरे, पाण्याचाच तर मड आहे, काय होतंय?" पाण्याचाच होता हे खरं. पण शेलचा खडक फुगू नये म्हणून त्यात पोटॅशियम क्लोराइड घालतात, आणि असलं खारं पाणी शेतात उतरलं की पिकाची मुळं पाणी ओढू शकत नाहीत. शेवटी कोपरा जोडला, पण शेजारच्या शेताचे मालक सलग दोन दिवस बांधावर येऊन उभे राहिल्यावर.

तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी हा स्वतंत्र लेखाचा विषय. ते साफ करून पुन्हा खोल थरातच सोडणं उत्तम, एवढंच इथं म्हणतो.

पुढच्या सुट्टीत जे ट्रेनिंगला जातील त्यांनी साइटवर तीन गोष्टी मागून बघाव्यात : सिमेंटचा प्रयोगशाळेतला रिपोर्ट आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष थांबलेले तास, बी.ओ.पी.च्या शेवटच्या प्रेशर टेस्टचा चार्ट, आणि खड्ड्याचं अस्तर, तेही सगळ्या कोपऱ्यांपर्यंत चालत जाऊन. पहिले दोन कागद सहजासहजी कोणी दाखवत नाही. टूलपुशर चहाला बसला असेल तेव्हा विचारा, मला तेव्हाच मिळाले.