एफपीजीएच्या पिना आणि वेळेचं गणित: नव्या इंजिनिअरांसाठी कानमंत्र

पोरांनो, एफपीजीएच्या आतलं टायमिंग सॉफ्टवेअर बऱ्यापैकी सांभाळून घेतं. पिनच्या पलीकडे काय आहे, ते मात्र त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. पिनवरच्या विलंबाला हात घालण्याआधी पुढच्या गोष्टींची खूणगाठ बांधा.

१. सांगणं वेगळं, करणं वेगळं. ‘सेट इनपुट डिले’ ही आज्ञा सिग्नलला एक पिकोसेकंदही उशीर करत नाही. बाहेरच्या क्लॉकनंतर डेटा पिनवर किती वेळाने येतो, एवढंच ती सॉफ्टवेअरला सांगते. खरा उशीर करतो तो पिनशेजारचा डिले ब्लॉक. झायलिंक्सच्या ७ सिरीजमध्ये त्याला आयडिले म्हणतात. शिंप्याला माप देणं आणि कापडाला कात्री लावणं यांत जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. रिपोर्ट लाल दिसतो म्हणून माप बदललंत, तर रिपोर्ट हिरवा होईल आणि बोर्ड चुकतच राहील.

२. आकडे डेटाशीटमधून घ्या, आणि दोन्ही टोकं द्या. मॅक्स सेटअप तपासतो, मिन होल्ड. नुसता मॅक्स देऊन थांबलात तर होल्डची बाजू उघडी राहते. आउटपुटला समोरच्या चिपचा सेटअप मॅक्समध्ये जातो आणि तिचा होल्ड मिनमध्ये वजा चिन्हाने जातो. ते वजा चिन्ह पाहून बिचकू नका आणि तिथे शून्य टाकून मोकळे होऊ नका. नेहमीच्या एफआर-४ बोर्डावर सिग्नलला मिलिमीटरमागे साधारण ६ ते ७ पिकोसेकंद लागतात. क्लॉक डेटाच्या सोबतच येत असेल, तर त्या दोन ट्रेसच्या लांबीतला फरकच महत्त्वाचा.

३. उशीर कोण करणार, हे आधी ठरवा. गिगाबिट इथरनेटचं आरजीएमआयआय घ्या. क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ, डेटा दोन्ही कडांवर, म्हणजे एका बिटच्या वाट्याला ४ नॅनोसेकंद. मूळ व्यवस्थेत क्लॉक आणि डेटा एकाच वेळी निघतात, म्हणून क्लॉक सुमारे २ नॅनोसेकंद सरकवावा लागतो. हे काम बोर्डावरचा लांब ट्रेस करू शकतो, फाय चिप करू शकते किंवा एफपीजीए. दोघांनी केलं की २ अधिक २ म्हणजे ४, आणि क्लॉक पुन्हा डेटा बदलण्याच्या क्षणावर. कुणीच केलं नाही तरी गत तीच. १०० मेगाबिटवर सगळं सुरळीत आणि गिगाबिटवर सीआरसीच्या चुका, असं दिसलं की पहिला संशय यावर घ्या. फायच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते वाचा. लिनक्स असेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये ‘आरजीएमआयआय’ आहे की ‘आरजीएमआयआय-आयडी’, तेही पाहा.

४. आधी फ्लॉप पिनपाशी आणा. येणारा आणि जाणारा डेटा आयओ ब्लॉकमधल्याच रजिस्टरमध्ये पकडा. फ्लॉप चिपच्या पोटात कुठेतरी बसला, तर प्रत्येक कंपाइलनंतर वाट बदलते आणि काल जुळवलेलं आज हुकतं.

५. हातातल्या चिपमध्ये काय आहे ते ओळखा. ७ सिरीजच्या आयडिलेत ३२ टप्पे आहेत. २०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक दिला की एक टप्पा ७८ पिकोसेकंदांचा, म्हणजे फार तर २.४ नॅनोसेकंदांपर्यंत सरकता येतं. सोबत आयडिलेकंट्रोल लागतोच. तापमान आणि व्होल्टेज बदललं तरी टप्पा स्थिर ठेवणं हे त्याचं काम. आउटपुटचा डिले ब्लॉक फक्त एचपी बँकांत असतो आणि आर्टिक्स-७ मध्ये त्या बँका नाहीतच. तिथे एमएमसीएममधून ९० अंश सरकवलेला क्लॉक ओडीडीआरमार्गे बाहेर काढा. १२५ मेगाहर्ट्झला ९० अंश म्हणजे बरोबर २ नॅनोसेकंद.

६. खिडकी शोधा, मग मध्यावर उभे राहा. ठरावीक नमुन्याचा डेटा पाठवत टप्पे ० ते ३१ फिरवा. समजा ५ ते २१ वर डेटा बिनचूक आला, तर १३ निवडा. ६ वर चालतंय म्हणून ६ वर थांबू नका. बोर्ड तापल्यावर तीच कड सरकते. प्रत्येक बिटची खिडकी वेगळी तपासा, थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत.

७. विलंब खिडकी सरकवतो, रुंद करत नाही. हा मंत्र सगळ्यांत महत्त्वाचा. डेटाला उशीर केला की होल्डचा स्लॅक वाढतो आणि सेटअपचा घटतो. दोघांची बेरीज वाढत नाही. झाली तर थोडी कमीच होते. म्हणून टप्पा निवडण्याआधी त्या पिनवरच्या दोन्ही स्लॅकची बेरीज करा. ती ऋण असेल, तर कुठलाही टप्पा तुम्हाला वाचवणार नाही. मग वेग कमी करा, बोर्डाचे ट्रेस सुधारा किंवा क्लॉकची मांडणी बदला.

८. फॉल्स पाथच्या आड लपू नका. एलईडी किंवा हाताने दाबायच्या बटणाला तो चालतो. डेटाच्या पिनवर लावलात, तर टायमिंग तपासणारा एकमेव पहारेकरी तुम्हीच घरी पाठवलात.

आणि शेवटचं, पण रोज पाळायचं. कन्स्ट्रेंटच्या फाइलमधल्या प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहा: कुठली डेटाशीट, कुठला तक्ता, बोर्डाची कुठली आवृत्ती. ज्या आकड्याचा उगम लिहिता येत नाही, तो अंदाजाचा आहे असं समजा आणि बोर्ड बाहेर जाण्याआधी त्याचा उगम शोधून काढा.