रस्ता सर्वांचा

यवतमाळ हे कापसाच्या मुलखातील शहर होय. दिवाळी उलटली, की आसपासच्या खेड्यांतून कापसाने भरलेल्या गाड्या बाजाराकडे येऊ लागतात. त्याच रस्त्यावर एस.टी.च्या बसगाड्या, मालमोटारी, ऑटोरिक्षा, मोटारसायकली व पादचारी यांची ये-जा चालू असते. शाळा आणि कचेऱ्या भरण्याची वेळ झाली, म्हणजे दत्त चौकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी वाहतूक खोळंबते.

वाहने वाढली, हे या कोंडीचे एक कारण आहे. पण ते एकमेव नव्हे. गावातील जुने रस्ते बैलगाड्यांच्या काळातील आहेत. अशा अरुंद रस्त्यावर कोणी ‘दोनच मिनिटे’ म्हणून दुकानापुढे मोटार उभी करतो, तोच रस्ता निम्मा होतो. मागचा मनुष्य घाईने उलट बाजूने पुढे घुसतो आणि समोरून येणाऱ्यांची वाट अडवतो. मग कोणालाच हलता येत नाही.

एवढ्यात रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो. तिला वाट द्यावी, असे प्रत्येकास मनापासून वाटते. परंतु बाजूला सरकण्यास जागाच नसते. त्या क्षणीचा चांगुलपणा व्यर्थ जातो. वाट आधीच मोकळी ठेवावी लागते.

यावर उपाय कोणते? पूर्वी यवतमाळ ते मूर्तिजापूर या मार्गावर ‘शकुंतला’ नावाची छोटी आगगाडी धावत असे. कापूस वाहून नेण्यासाठी हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी बांधण्यात आला. अनेक गाड्यांचे ओझे ती एकटी नेई. बसचेही तसेच आहे. चाळीस माणसे निरनिराळ्या मोटारसायकलींवर निघाली, तर चाळीस वाहने होतात. तीच एका बसमध्ये मावतात. वणीकडील खाणींचा कोळसा नेणाऱ्या अवजड मालमोटारींसारखी वाहने गावाबाहेरील वळणरस्त्याने न्यावीत. वाहने उभी करण्यास निराळी जागा असावी. पादचाऱ्यांची वाट मोकळी राहावी.

मुलांनाही यात पुष्कळ करता येईल. शाळा जवळ असेल, तर पायी जावे. पोहोचवण्यास येणाऱ्या वडीलमंडळींना फाटकाशी वाहन उभे करू देऊ नये. रस्ता सर्वांचा आहे, हे ज्याने ओळखले, तोच खरा नागरिक.

स्वाध्याय
१. रुग्णवाहिकेस वाट देण्याची इच्छा असूनही लोकांना ती का देता येत नाही?
२. बसमुळे रस्त्यावरील गर्दी कशी कमी होते?
३. शाळा सुटताना फाटकापाशी होणाऱ्या गर्दीचे निरीक्षण करून तिची कारणे लिहा.