दिव्यांना नको, स्टिकला पैसे द्या

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात आग्रा रोडला गेमपॅड मागा, काउंटरवर आधी येतो तो पाच-सातशे रुपयांचा, सात रंगांत लुकलुकणारा. खोक्यावरचं नाव पूर्वी कधी ऐकलेलं नसतं. त्याच्यावर रेडगिअर, कॉस्मिक बाइट, अँट ईस्पोर्ट्स, इव्होफॉक्स ही मंडळी, साधारण हजार ते तीन हजारांत. सोनी आणि मायक्रोसॉफ्टचे अस्सल कंट्रोलर पाच-सहा हजारांच्या घरात. सेलमध्ये भाव खालीवर होतात, पण पायऱ्या याच. पीसीवर खेळणार असाल तर मधली पायरी धरा. दोन हजारांच्या आसपास चांगली वस्तू मिळते.

गेमपॅड मरतो तो बहुधा स्टिकपायी. स्वस्त स्टिकच्या आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर धातूची जीभ घासत राहते. पट्टी झिजली की अंगठा न लावताही खेळाडू आपोआप एका बाजूला सरकू लागतो; यालाच ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये लोहचुंबक आणि सेन्सर असतात, एकमेकांना न टेकणारे. त्यामुळे घासून झिजण्याचा प्रश्न येत नाही. तंत्र नवं नाही, सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही ते होतं. खोकं मात्र नीट वाचा. ‘हॉल इफेक्ट’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि तपशिलात कळतं की ते फक्त ट्रिगरपुरतं आहे. ‘स्टिक’ किंवा ‘जॉयस्टिक’ हा शब्द त्यासोबत हवाच.

आता आपल्या उन्हाचं. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि तळहाताला धारा लागतात. मऊ रबराचा लेप दुकानात हाताला गोड लागतो. घामाने आणि उन्हाळ्याने तोच काही काळाने चिकट होतो, मग त्यावर धूळ बसते. त्यापेक्षा खरखरीत पोत असलेलं साधं प्लॅस्टिक बरं. वायरलेस घेतलात तर तो उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, लिथियम बॅटरीला ती भट्टी सोसत नाही. खरं तर टेबलाशी बसून खेळणाऱ्याला वायरचाच परवडतो. किंमत कमी, चार्जिंगची कटकट नाही. वायर सुटी करता येणारी आणि टाइप-सी असावी, म्हणजे ती तुटली तरी गेमपॅड शाबूत राहतो.

घेण्याआधी पाच मिनिटं हातात धरून बसा. बोट न ताणता खालच्या ट्रिगरपर्यंत तर्जनी पोचते का, करंगळी अधांतरी राहते का, हे पाहा. लहान मुलासाठी घ्यायचा तर मुलालाच सोबत न्या. दुकानात विंडोजचा संगणक असेल तर ‘रन’मध्ये जॉय डॉट सीपीएल टाइप करायला सांगा. स्टिक गोल फिरवून सोडली की खूण मध्यावर परतली पाहिजे.

कशासाठी घेताय, तेही आधी ठरवा. पीएस५ च्या गेमना पीसीचा गेमपॅड थेट चालत नाही. मोबाइलवर बीजीएमआय खेळण्यासाठी घेत असाल तर थांबा, त्या गेमला कंट्रोलरची अधिकृत सोय नाही. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलला आहे, पण ठरावीक कंट्रोलरपुरतीच.

वॉरंटीचा प्रश्न दुकानदाराला असा विचारा: बिघडला तर तुम्ही बदलून देणार, की मी कुरिअर करायचा? दुसरं उत्तर असेल तर कुरिअरचे दीड-दोनशे किमतीत धरा. वॉरंटी संपल्यावर नुसती स्टिक बदलता येते. सुटा भाग स्वस्त असतो, पण चौदा ठिकाणचं सोल्डर काढून पुन्हा लावावं लागतं, म्हणून हात बसलेला मोबाइल कारागीर गाठा आणि मजुरी आधी ठरवा. पाचशेच्या गेमपॅडवर हा खर्च करू नये.

बिल जीएसटीचं आणि मॉडेलच्या नावासकट घ्या. ‘भाऊ, बिल घेतलं तर १८ टक्के वर लागतील’ असं ऐकावं लागेल. छापील एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. दुकानदाराने किंवा ऑनलाइन विक्रेत्याने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानेही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही.