टवका उडाला, म्हणून सगळं काढायचं?

प्रश्न : दाढेत कॉम्पोझिट थराथरांनी भरलं होतं. दोन वर्षांनी कोपऱ्याचा टवका उडाला. थर एकमेकांना चिकटलेच नसतील का? सगळं काढावं लागेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका. थर देणं ही योग्यच पद्धत आहे. एरवी कॉम्पोझिट घट्ट करणारा निळा प्रकाश खोलवर नीट पोचत नाही, म्हणून थर साधारण 2 मिलिमीटरचा ठेवतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर एक चिकट, कच्चा पापुद्रा उरतो आणि पुढचा थर त्याच्याशी एकजीव होतो. मधे लाळ किंवा रक्त लागलं, तर सांधा कमजोर राहतो. जुन्या भरणावर हा पापुद्रा उरत नाही. म्हणून डॉक्टर तो भाग खरवडून, बाँडिंग लावून बहुधा तेवढाच टवका भरतात. आत कीड असेल, तर मात्र सगळं भरण काढणंच बरं. दाखवायला उशीर करू नका. तोवर त्या बाजूने सुपारी, चिक्की टाळा.