दोन कथांतील वीर
मुलांनो, शहापूर-मुरबाडकडील बोहाड्यात रामायण-महाभारतातील मुखवटाधारी सोंगे एकामागून एक नाचून जातात. पण दोन कथांतील वीर समोरासमोर ठाकले तर? 1976 साली अमेरिकेतील दोन प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थांनी सुपरमॅन व स्पायडरमॅन यांना एकाच चित्रकथेत आणले. गैरसमजाने दोघे झुंजले, मग दुष्टांविरुद्ध एक झाले; हरले कोणीच नाही. दोन्ही दुकाने सांभाळायची होती ना! महाभारतकार अधिक निर्भय. वनपर्वात रामकथेतील हनुमंत वृद्ध वानराच्या रूपाने वाटेत पहुडला आहे. भीम त्याचे शेपूट प्रथम तुच्छतेने डाव्या हाताने, मग दोन्ही हातांनी उचलू पाहतो; ते तसूभरही हलत नाही. लज्जित भीम हात जोडतो. दोघेही वायुपुत्र, हनुमंत धाकट्या भावाला उराशी धरतो.