नाताळानंतरचा पॉइनसेटिया

नाताळच्या सुमारास बंगळूरमधील अनेक घरांत पॉइनसेटियाच्या कुंड्या येतात. पुढे पाने पिवळी पडून गळू लागली की रोप मेले असे समजून ते पुष्कळदा टाकून दिले जाते. वस्तुतः ही त्याची विश्रांतीची अवस्था होय. मूळचे मेक्सिकोतील हे झुडूप तीन-चार मीटर उंच वाढते व अनेक वर्षे जगते. अमेरिकेचा तेथील पहिला राजप्रतिनिधी जोएल पॉइनसेट याने १८२८ च्या सुमारास ते आपल्या देशात नेले. त्यावरून हे नाव रूढ झाले. ज्यास आपण फूल म्हणतो ती रंगीत छदे असून खरी फुले मध्यभागी लहान व पिवळसर असतात.

रंग ओसरल्यावर पाणी कमी करावे. मार्चमध्ये फांद्या सुमारे १५ सेंटिमीटर राखून छाटाव्यात. छाटताना पांढरा चीक गळतो. त्याने कातडीची आग होण्याचा संभव असल्याने हात लगेच धुवावेत. नंतर माती, वाळू व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात रोप नव्याने लावावे. कुंडीच्या तळाशी पाणी साचल्यास मुळे कुजतात. जून ते ऑगस्ट या काळात शेंडे खुडले असता झाड डेरेदार होते. सप्टेंबरनंतर मात्र शेंडे खुडू नयेत. बाजारातील रोपे बहुधा वाढरोधक औषधाने बुटकी ठेवलेली असतात. म्हणून दुसऱ्या वर्षी ती उंच झाली तर नवल नाही.

पुन्हा रंग येणे हे रात्रीच्या लांबीवर अवलंबून असते. अखंड व पुरेशी लांब रात्र मिळाल्याखेरीज या झाडास कळ्या धरत नाहीत. बंगळूर सुमारे १३ उत्तर अक्षांशावर असून तेथे डिसेंबरातील रात्र साडेबारा तासांहून थोडी मोठी असते. त्यामुळे बागेच्या काळोख्या कोपऱ्यातील झुडूप आपोआप लाल होते. चिकपेटेसारख्या दाट वस्तीच्या जुन्या पेठेत मात्र अंगण क्वचितच लाभते. कुंडी गच्चीत किंवा गॅलरीत ठेवावी लागते, आणि तेथे रस्त्यावरील दिव्यांचा उजेड रात्रभर पोहोचतो. अशा ठिकाणी निगा उत्तम राखूनही झाड हिरवेच राहते, व दोष खताला दिला जातो.

यावर उपाय सोपा आहे. ऑक्टोबरच्या आरंभापासून आठ ते दहा आठवडे, रोज सायंकाळी पाचपासून सकाळी सातपर्यंत, कुंडीवर खोक्याचे किंवा जाड काळ्या कापडाचे आच्छादन घालावे. दिवसा तिला भरपूर ऊन द्यावे. मध्येच एखादी रात्रही दिवा लागू देऊ नये. छदांना पुरता रंग चढला की आच्छादनाची गरज उरत नाही.